मूठभर तांदळाखाली

मित्रांनो, जिला धान्य मोजण्यापलीकडे काही येत नाही, अशा एका पितळी पायलीची ही हकीकत आहे. ती पायली मीच. माझ्यात चार शेर धान्य मावते. भुलेश्वराजवळच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले, काठ घासून गुळगुळीत केला आणि मग आपल्या जुन्या मापाने चार शेर पाणी माझ्यात ओतून पाहिले. पाणी बरोबर काठाला लागले. तेव्हा कुठे त्याने मला विकायला मांडले.

लालबागच्या आनंदाशेटनी मला आपल्या तांदळाच्या दुकानात आणले. पहिले माप मोजताना ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. रिकामे माप अशुभ आणि पालथे माप तर त्याहून अशुभ, अशी सगळ्या वस्तीची समजूत होती. म्हणून ओतताना ते माझ्या तळाशी मूठभर तांदूळ राहू देत, आणि ती मूठ गिऱ्हाइकाची कमी झाली, म्हणून वरून एक मूठ त्याच्या पदरात अधिक टाकीत. या चोख व्यवहारामुळे माझेही नाव झाले. 'आनंदाशेटची पायली' म्हटले की बायका मोजणीकडे पाहतही नसत.

१८९४ साली आनंदाशेट वारले आणि त्यांचा पुतण्या रघुवीर गादीवर बसला. एका दुपारी दुकान बंद असताना त्याने लाख वितळवून माझ्या तळाशी दोन बोटे जाडीचा थर ओतला. लाख थंड झाल्यावर त्याने वर मूठभर तांदूळ पसरले. रीत तशीच राहिली. तो 'लाभ' म्हणे आणि वरची मूठही हसतमुखाने टाकी. काकांपेक्षा पुतण्या उदार, असेही कोणी कोणी म्हणू लागले. पूर्वी मला खाली टेकवले की खणकन आवाज येई. आता तो बद्द येऊ लागला. तो कोणी ऐकला नाही आणि मला बोलता येत नव्हते.

दुकानासमोरच्या चाळीत रखमा खानावळ चालवी. नवरा वारल्यापासून मालवणकडचे चौदा गिरणीकामगार तिच्याकडे जेवत असत. भात पोटभर, हा तिचा शब्द होता आणि त्या शब्दावरच तिची खानावळ उभी होती. महिनाभराचा तांदूळ ती माझ्यानेच मोजून नेई. तो आता बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी संपू लागला.

तिने प्रथम दोष स्वतःला दिला. शिजवायला घ्यायच्या तांदळाचा अंदाज चुकत असेल, उंदीर लागले असतील, असे तिला वाटले. मग ती हात आखडून वाढू लागली. पंगतीत लवू नावाचा एक थट्टेखोर विणकर होता. त्याने ताटाकडे पाहून विचारले, "शितां मोजून वाढलंस काय गो वयनी?" सगळे हसले. थोड्या दिवसांनी मात्र हसणे थांबले. डिलाईल रोडला राहणाऱ्या भावाच्या घरी रखमा तांदूळ पोचवते, अशी कुजबुज सुरू झाली. गणपत हा त्यांच्यातला वडीलधारा, सर्वांत जुने गिऱ्हाईक. तो एक दिवस दुसऱ्या खानावळीत जेवायला गेला. त्याच्यामागून आणखी एक गेला. बाकीचे गेले असते तर रखमाला चूल मोडून गावी दिरांच्या दारात जावे लागले असते.

तांदूळ का पुरत नाही, असे तिने रघुवीरला विचारले होते. त्याचे उत्तर तयार होते. "मावशी, तुमच्या गावचा शेर मोठा. मुंबईचं माप मुंबईचं." कोकणातून आलेल्या प्रत्येकाला तो हेच सांगे, आणि गावोगावची मापे वेगळी असतात हे सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे ते पटेही. रखमालाही पटले होते. पण गणपत गेल्यावर तिच्या मनात आले की, मुंबईचे माप मुंबईतल्या दुसऱ्या मापाशी तरी जुळायला हवे.

तिने रघुवीरकडून एक पायली तांदूळ घेतला, फडक्यात गाठ मारून बांधला आणि तो डिलाईल रोडच्या एका दुकानात नेऊन मोजायला सांगितले. तिथून ती पायीच गिरगावात गेली आणि आधीच्या दुकानाचे नावही न काढता दुसऱ्याकडून तोच तांदूळ मोजून घेतला. दोन्हीकडे एक शेर कमी भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आठदहा बायका असताना ती आली. लवू पाळी नसल्यामुळे तंबाखू घ्यायला शेजारी उभा होता. रखमाने ही सगळी हकीकत शांतपणे सांगितली आणि पायली पालथी करा म्हणाली.

रघुवीर म्हणाला, "सकाळच्या पारी असं बोलू नये, मावशी. पालथ्या मापानं लक्ष्मी जाते."

बायका दचकल्या. एकीने तर रखमाचा हात धरला. खरे सांगायचे तर रखमालाही ते अशुभच वाटत होते, कारण तिच्या घरीही मापटे कधी रिकामे राहिले नव्हते.

"माझी गेली ती गेलीच, शेट," ती म्हणाली. "पाप लागेल ते माझ्या पदरात."

तिने मला उचलून पालथे केले. मूठभर तांदूळ जमिनीवर सांडले. लाख तशीच चिकटून राहिली. तिने मला उलटून प्रत्येकीसमोर धरले आणि तळाला बोट लावायला लावले.

रघुवीरला विस्तवावर माझी लाख तिथेच काढावी लागली. बायकांनी मला त्याच्याकडे राहू दिले नाही. मी रखमाच्या ओटीवर आले. त्या दिवशी लवूने मान खाली घालून भात खाल्ला आणि उठताना म्हणाला, "वयनी, माजा चुकला." गणपत मात्र परत आला नाही. खोटे मापाने केले आणि बदनामी बाईची झाली, हे मी जवळून पाहिले आहे. अशी बदनामी लाखेसारखी खरवडून निघत नाही.

आता वस्तीतल्या बायका कुठूनही तांदूळ घेतला की तो मोजायला माझ्याकडे येतात. पितळ काळवंडले आहे, काठाला पोचा आला आहे आणि चिंच लावून मला घासायला कोणाला सवड नाही, पण त्याचे मला फार वाईट वाटत नाही. मध्यंतरी सुभद्रा नावाची नवी बिऱ्हाडकरीण आली. रखमाकाकूंची पायली म्हणजे पाहायलाच नको, असे म्हणून ती तांदूळ ओतू लागली. रखमाने तिचा हात अडवला.

"माझ्या नावावर जाऊ नको, बाय. आधी आत हात घाल, तळ बघ, मग मोज."

सुभद्रा संकोचली. मग तिने माझ्यात मनगटापर्यंत हात घातला आणि तळ चाचपून पाहिला. मित्रांनो, कोणाच्या मापाची अशी परीक्षा घेताना तुम्ही लाजू नका. मी खरी असल्यामुळे त्या हाताचा मला मुळीच राग आला नाही.