घर की मका?

मी एक जुनी ताडपत्री आहे. मूळची मी गडद निळी, पण आता अंगावर अकरा ठिगळं आहेत आणि निळेपण फक्त घडीच्या आत उरलं आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना बहुतेक जण आपलं मन मोठं असल्याचं दाखवतात. माझं मन तेवढं मोठं नाही. आमच्या घरावर जे नवे पत्रे बसले आहेत ना, त्यांचा मला भारी हेवा वाटतो. तो का वाटतो, हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लास्टिकच्या पट्ट्या विणून मला तयार केलं, कडेने पितळी कड्या ठोकल्या आणि एका कोपऱ्यात ‘मदत’ असा शिक्का मारला. सात वर्षांपूर्वी नदीला पूर आला, तेव्हा मला माझ्या शेकडो बहिणींबरोबर ट्रकमधून गावात आणलं. लोक रांगेत उभे होते. कोणाची शेळी वाहून गेली होती, कोणाची भांडी, कोणाचं बियाणं. मिळालं मात्र सगळ्यांना एकच, ताडपत्री. काय हवं आहे, असं कोणी कोणाला विचारलं नाही. शिंप्याचं घर तर चांगलं पक्कं होतं, तरी त्यालाही एक मिळाली. त्याने महिन्याभरात ती विकून दोरे आणले.

मी ज्या घरी आले, तिथे एक शेतकरी, त्याची बायको आणि तीन वर्षांची लेक राहत होती. लेकीचा पाय एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. घराचं गवताचं छप्पर पुराने निम्मं नेलं होतं. त्यांनी मला वर ताणलं, कड्यांतून दोऱ्या ओवून त्यांना दगड बांधले आणि घरात पाणी गळायचं थांबलं. त्या दिवशी शेतकऱ्याच्या बायकोने खालून माझ्यावर हात फिरवला. तो हात अजून माझ्या लक्षात आहे.

पण माझ्या नशिबी हे एकच काम नव्हतं. मक्याची कणसं काढली, की दाणे वाळवायला त्यांच्याकडे माझ्याशिवाय दुसरं काही नव्हतं. मग मला छपरावरून उतरवून अंगणात अंथरत. अशा वेळी आभाळ भरून आलं, की शेतकऱ्याची बायको हातातलं काम टाकून ओरडत असे, “घर की मका?” ताडपत्री एक आणि झाकायच्या गोष्टी दोन. शेतकरी एकदा आभाळाकडे बघे, एकदा ढिगाकडे, आणि काय ते सांगे. तो ‘मका’ म्हणाला, की अंथरुणं, पीठ आणि पुढे भिंगरीची पुस्तकंसुद्धा भिजत. एका वर्षी भिंगरी तापाने फणफणली होती, म्हणून तो ‘घर’ म्हणाला. त्या वर्षी निम्मा मका काळा पडला.

त्यामुळे तो मका घरात टिकतच नसे. कापणी झाली रे झाली, की व्यापारी तागडी घेऊन दारात हजर. दाणे दातांखाली धरून तो नाक मुरडे आणि म्हणे, “ओला आहे. देताय तर द्या.” ते देऊन टाकत. चार महिन्यांनी खायला लागणारा मका त्याच व्यापाऱ्याकडून दुप्पट भावाने आणत. मला याचं वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगू? त्या हाकेने मी आतून सुखावत असे, कारण उत्तर काहीही आलं, तरी धावपळ माझ्यासाठीच होती.

गेल्या वर्षी एका संस्थेच्या दोन मुली आल्या. घरात माणसं किती, छप्पर कशाचं, शेत किती, हे त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “ताईंच्या मोबाइलवर दोन हप्त्यांत पैसे येतील. परत करायचे नाहीत. कशावर खर्च करायचे, ते तुमचं तुम्ही ठरवा.”

त्या गेल्यावर शेतकरी हसला. “फुकट कोण देतं? उद्या शेत मागायला येतील.”

पण एका दुपारी मोबाइल वाजला. बायकोने तो निरोप भिंगरीकडून तीनदा वाचून घेतला. मग मोबाइल पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला आणि बजावलं, “चुकून आलेत. कोणा दुसऱ्याचे असतील. कोणी हात लावायचा नाही.” चार दिवस कोणी हात लावला नाही. पाचव्या दिवशी ही बाई चालत चालत संस्थेच्या कचेरीत गेली, पैसे परत करायला! तिथल्या मुलीने तिला पाणी दिलं, “तुमचेच आहेत हो, ताई,” असं पुन्हा पुन्हा सांगितलं, तेव्हा कुठे ती घरी आली.

मग अंगणात खल सुरू झाला. शेतकऱ्याला दोन शेळ्या हव्या होत्या. भिंगरीला सायकल हवी होती. शेवटी मान वर करून बायको म्हणाली, “पत्रे घेऊ.”

माझ्याकडे बघत म्हणाली, मित्रांनो! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

पत्रे आणायला ती स्वतः दुकानात गेली. परत आल्यावर जावेला सांगत होती, की तिने एकेक पत्रा बोटांनी वाजवून पाहिला, जाडी विचारली, दोन नाकारले आणि मग ठरवलं. मी ते ऐकलं आणि मला नक्की काय सलतं आहे, ते कळलं. ते पत्रे तिने निवडले होते. मला कोणी कधी निवडलं नव्हतं. मी रांगेत वाटली गेले होते.

सुताराने पत्रे बसवले. जाऊबाई तोंडभरून म्हणाल्या, “अगं बाई, काय लखलखतंय!” येणारा-जाणारा थांबून वर बघे. मला मात्र खुराड्यामागे कोंबलं होतं. कोंबड्या माझ्यावर चढून काय काय करत, ते इथे सांगण्यासारखं नाही. पत्रे तापले की कडकड वाजत आणि ते मलाच हसत आहेत असं मला वाटे.

यंदा मका निघाला, तेव्हा शेतकरी ऐटीत म्हणाला, “आता अंगणात वाळवायचा कशाला? घर पक्कं आहे. सगळा आतच ठेवू.” इतकी वर्षं गळक्या घरात काढलेल्या माणसाला कोरडं घर म्हणजेच सगळं काही वाटलं. त्यांनी ओला मका तसाच आत भरला. दार लावलं, खिडकीला पोतं लावलं. पहाटे पत्र्यांना आतून घाम फुटे आणि तो थेंब थेंब ढिगावर पडे. मला आनंद झाला. लपवत नाही, खूप आनंद झाला. म्हटलं, आता बघा तुमच्या लाडक्यांचे गुण!

पण माझीही वेळ भरत आली होती. चौथ्या दिवशी शेतकऱ्याने मला अंगणात पसरलं आणि कोळशाने तीन रेघा मारल्या. एक तुकडा खुराड्याला, एक सरपणाला, एक सायकलवाल्या शेजाऱ्याला आणि उरलेला जाऊबाईंना. त्याने विळा टेकवला. वीतभर चिरलीही मी.

तेवढ्यात बायको धावत बाहेर आली. तिच्या मुठीत दाणे होते.

“अहो, थांबा! मका तापलाय. हात घातला तर चटका बसतोय. वासही यायला लागलाय. आजच्या आज वाळत घातला नाही, तर सगळा जाईल.”

“मग एवढा तुकडा पुरेल की,” शेतकरी म्हणाला.

“तुकडा नको. मला ही अख्खी हवी आहे.”

मला ही हवी आहे! सात वर्षांत मी हे पहिल्यांदा ऐकलं. तिने स्वतः दाभण घेऊन माझ्या चिरेवर ठिगळ शिवलं. ते अकरावं ठिगळ.

दोन दिवस मका माझ्यावर वाळला. तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ काळंकुट्ट झालं. बायको विहिरीकडून पळत आली आणि सवयीने ओरडली, “घर की मका?”

शेतकरी अंगणात उभा होता. त्याने आभाळाकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं, मग छपराकडे. बायकोने तोंडावर हात ठेवला. तिच्याही लक्षात आलं होतं. ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

“दोन्ही, आई!” भिंगरी नाचत ओरडली. “दोन्ही!”

तिघांनी मिळून मका माझ्या एका बाजूला लोटला, माझी दुसरी बाजू ढिगावर ओढली आणि कडेने दगड ठेवले. पाऊस आला तो तासभर कोसळला. आत पुस्तकं कोरडी राहिली. माझ्याखाली एक दाणा भिजला नाही.

पुढच्या आठवड्यात व्यापारी आला. त्याने दाणा दातांखाली धरला, तो टचकन वाजला. तो “ओला आहे” म्हणणार, त्याआधीच बायको म्हणाली, “आत्ता नाही विकायचा, दादा. घरखर्चाला दुसरा हप्ता आलाय. भाव चढला की या.” त्याने मुकाट्याने तागडी उचलली.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी कोणी असेल, तर तिला उन्हात टाकून देऊ नका, ओली घडी घालू नका. कापायला विळा उचलण्याआधी तिचं काम खरंच संपलं आहे का, ते एकदा पाहा. आणि कोणाला मदत करायची झाली, तर त्याला काय हवं आहे ते त्यालाच ठरवू द्या. त्याने निवडलेली वस्तू माझ्यासारखीला खुपेल, पण ती त्याच्या उपयोगाची असेल.

आता मी घरात खुंटीवर असते, त्याच पत्र्यांखाली कोरडी. माझा हेवा गेला का? नाही. ते चमकले की मी आजही तोंड फिरवते. पण आभाळ भरून आलं की ती अजून विचारते, “घर की मका?” आणि भिंगरी “दोन्ही!” म्हणत मला घ्यायला धावत येते.