फ्लेक्सवरची मधली जागा

धनाजीने हंबीररावांचा फोटो ओढत जयराजदादांच्या शेजारी आणला आणि विस्तवावर हात पडल्यासारखा माऊस सोडून दिला.

"मेलो आसतो," तो म्हणाला.

आटपाडीतल्या त्याच्या फ्लेक्सच्या दुकानात पुतणी उत्कर्षा स्टुलावर बसली होती. विश्रामबागच्या कॉलेजात वर्षानुवर्षं घासून ती गणितात डॉक्टर झाली होती, म्हणून उद्या गाव तिचा सत्कार करणार होतं. पडद्यावर पुढारी खांद्याला खांदा लावून दाटले होते. कोपऱ्यात उत्कर्षा होती, पासपोर्टएवढी.

"आई कुठाय?" तिने विचारलं.

"वैनीला जागाच न्हाई गं. पुढारी वगळलं तर मांडव कोण देणार?"

"मी आईच्या मेंढरांवर शिकले, तात्या. मांडवावर न्हाई." तिचा आवाज चढला. "आईचा फोटो न्हाई, तर मी बी न्हाई. सत्कार हंबीरराव-जयराजांचा करा."

"दोघांचा?" धनाजीने कानांवर हात ठेवले.

दोघंही वजनदार. पण एका मांडवात आले की कार्यक्रमाचं शून्य व्हायचं. एसटीच्या निवारा शेडच्या उद्घाटनाला दोघंही आले होते. फीत अजून कापलेली नाही. प्रवासी तिच्याखालून वाकून जातात.

उत्कर्षाने रागारागाने मार्कर उचलला आणि एका वाया गेलेल्या लग्नाच्या फ्लेक्सच्या पाठीवर टिंबं काढून त्यांना आकडे दिले.

"हा माझा प्रबंध. घड्याळ घे. तीन शून्य न्हाई, चार बी न्हाई. पण गुणलं की बारा, म्हंजे काटा परत शून्यावर. अशा जोडीत रेघ मारायची. ह्यो हंबीरराव, ह्यो जयराज. मार रेघ."

धनाजीने डोळे बारीक केले.

"आयला, ही तर आपली ग्रामपंचायत हाय!" त्याने मार्कर हिसकावून आणखी तीन रेघा मारल्या, एक सख्ख्या भावांमध्ये. "आन् पाच कुठाय?"

"पाच ह्यात बसत न्हाई. शून्य सोडून त्याला घड्याळातल्या कशानं बी गुण, शून्य येत न्हाई. त्याचं कुणाशी वाकडं न्हाई." ती थांबली. "आईसारखं."

"आन् खुद्द शून्य? सगळं त्याच्यावरच चाललंय की."

"त्याला घेत न्हाईत. त्याचं कुणाबरोबर बी शून्यच होतंय. घेतलं तर सगळ्यांशी रेघा. म्हणून वगळतात."

धनाजीने हंबीरराव आणि जयराजच्या टिंबांमध्ये बोट ठेवलं. मग सावकाश म्हणाला, "वैनी मधी. दोघांच्या मदोमद. मोठ्ठी."

गणिताचा उपयोग काय, असं उत्कर्षाला सगळ्यांनी विचारून झालं होतं. आज पहिल्यांदा तिच्याकडे उत्तर होतं.

सकाळी स्टँडसमोर फ्लेक्स लागला. दगडाबाई मेंढरं पुढे हाकून, पाला पाडायची लांब आकडी खांद्यावर घेऊन आली.

"ही मीच व्हय?"

"व्हय, आई."

"बया, केवढी केलीया!" ती पदरात हसली. मग तिची नजर एकेका फोटोवरून सरकत पार टोकाला गेली आणि तशीच परत आली. "आन् तू गं?"

उत्कर्षाने शोधलं. नाव होतं, 'डॉ.' सकट, खाली गुलाबी अक्षरांत. फोटो नव्हता.

"तात्या!"

"आगं, वैनी मोठी केल्यावर जागा उरली न्हाई." धनाजी मनापासून समजावत होता. "आन् तूच म्हणालीस की. सगळं ज्याच्यावर चाललंय, त्यालाच वगळत्यात."

परीक्षकांच्या एकाही प्रश्नाला उत्कर्षा अशी अडली नव्हती.

दगडाबाईने आकडी उचलली. फ्लेक्सची एक दोरी तुटली. मग दुसरी.

"आवं वैनी! पुढारी यायचं हायत!"

"येऊ देत की. त्येंचं फोटो माझ्याकडं हायत." तिसरी दोरी तुटली. "मेंढरांच्या वाडग्यावर घालायला बरं हाय. कोकरं भिजत्यात."

धनाजी सत्काराची शाल घेऊन तसाच उभा राहिला. फ्लेक्स रस्त्यावर पसरला गेला. दगडाबाईने आपल्याच तोंडावरून मधोमध घडी घातली, तेव्हा हंबीरराव आणि जयराज यांचं तोंडाला तोंड लागलं.

"धर ते टोक," ती लेकीला म्हणाली, "डॉक्टर."