रेडिओ फलाटची पहिली पावती

तीस वर्षं मी जाफराबादच्या एसटी स्टँडवर माइकवर बोललो. भोकरदनमार्गे जालन्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागली आहे, असं दिवसातून दहादा. लोकांनी कान देऊन ऐकलं, पण ते गाडीसाठी. माझं नाव सोमेश्वर आहे हे निम्म्या तालुक्याला ठाऊक न्हाई, मला सगळे 'स्टँडवाले'च म्हणतात. रिटायर झालो तेव्हा माझ्या बहिणीची पोरगी शीतल म्हणाली, "मामा, आता घरात बसून मामीवर ओरडू नका. आपण इंटरनेटवर रेडिओ काढू." काढला. खताच्या दुकानावरची खोली, मधे एक काच, एक माइक आणि तिचा कम्प्युटर. नाव ठेवलं रेडिओ फलाट.

रोज सकाळी सात ते नऊ. कापूस-सोयाबीनचे भाव, कुणाचं लग्न, कुणाचं दहावं, कुठली गाडी रद्द, कुणाची म्हैस सुटली, आणि मधूनमधून बायांच्या ओव्या. मोबाईलवर, तेही फुकट. दोन वर्षांत दीड हजार माणसं ऐकायला लागली. त्यातली निम्मी कामधंद्याला पुण्या-सुरतेकडं गेलेली, आपल्याच भागातली. मी तर हवेत होतो.

मंग शीतलला पुण्याच्या कंपनीचं बोलावणं आलं. दोन वर्षं पोरीनं शिकवण्या घेऊन रेडिओचा खर्चा ओढला होता. तिनं मला समोर बसवलं. "मामा, सरळ सांगते. आता ऐकणाऱ्यांनी महिन्याला तीस रुपये द्यायचे. पुढच्या सोमवारी दहा वाजेपर्यंत दोनशे जण झाले तर मी पुण्याला नाही म्हणते. न्हाई झाले तर रेडिओ बंद, मी चालले."

"दीड हजारातले दोनशेच ना? चार दिवसांत करतो," मी म्हणालो. पण स्टँडवर मला ऐकायला म्हणून कधी कुणी आलं नव्हतं. आता माझ्या बोलण्यापायी कुणी खिशात हात घालतं का, ते गावासमोर कळणार होतं.

शीतलनं कागदावर लिहून दिलं तसं मी बोललो. "श्रोतेहो, रेडिओ फलाट सबस्क्राईब करा." सोमवार, मंगळवार, बुधवार, रोज चार-चार वेळा. गुरुवारी बघतो तर पैसे फक्त सात जणींचे, सातही शीतलच्या मैत्रिणी, आणि त्यांना पावतीबिवती काही दिली नव्हती. मी तरातरा स्टँडवर गेलो. चहावाल्या रामरावला विचारलं, रोज ऐकतोस, मंग सबस्क्राईब का करून न्हाई राह्यला?

"केलंय की," रामराव म्हणाला. "मागच्याच वर्षी. लाल बटण दाबलं होतं पोरीनं."

बाकड्यावरच्या चौघांनीही केलेलं होतं. व्हिडिओ बघताना रोज कुणी ना कुणी सबस्क्राईब करा म्हणून सांगतो, बटण दाबायचं, विषय संपला. त्याला पैसे लागतात हे कुणाच्या ध्यानीमनीच न्हाई. माझं डोकंच फिरलं. तीन दिवस मी लोकांकडं पैसे मागत होतो आणि लोक समजत होते, आपण तर कधीच केलंय.

शुक्रवारी सकाळी कागद बाजूला सारला आणि माइकवर सरळ म्हणालो, "मंडळी, ते सबस्क्राईब-बिस्क्राईब सोडा. ही वर्गणी आहे. रेडिओची वर्गणी, महिन्याला तीस रुपये. दिली तर रेडिओ चालंल, न्हाई तर सोमवारी बंद." शीतलनं काचेपलीकडून कपाळाला हात लावला. मी मात्र खूश. आता कळलं म्हटलं सगळ्यांना.

कळलं बराबर. दुपारपर्यंत फोन वाजून वाजून गरम झाला. पैसे मात्र एकाचेही आले न्हाईत. सगळ्यांची एकच चौकशी, एक नंबरची पावती कुणाची फाडली? शेवटी सुरतेहून भागवत म्हणून एकाचा फोन आला. त्यानं तर तोंडावरच विचारलं, "स्टँडवाले, तुमची पावती कितवी?"

"माझी कशाला?" मी खवळलो. "मी बोलणारा माणूस. माझंच बोलणं ऐकायला मीच पैसे भरू? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" आणि फोन कट केला.

घरी आलो तर पुष्पाबाई, म्हणजे आमची मंडळी, भाकरी थापत होती. तिला सगळं तणतणत सांगितलं. तिनं मान वर न करता म्हटलं, "बराबर विचारलं त्यानं. गणपती असो का सप्ता, वर्गणीला निघालेला माणूस आधी स्वतःची पावती फाडतो. तुम्ही वर्गणी म्हणालात ना? मंग?"

"मी रेडिओचा माणूस आहे."

"म्हणूनच म्हणते. तुम्हालाच रेडिओ तीस रुपयांचा वाटत न्हाई, तर लोकांना का वाटावा?"

मी भाकरी न खाताच उठलो. शनिवारी माइकवर नुसते भाव वाचले, वर्गणीचं नावच काढलं न्हाई. बाईनं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. एक नंबरला आपलं नाव वाचायचं आणि मागं दोन नंबर आलाच न्हाई, तर? तीच भीती होती, मानपान वगैरे काही नव्हतं. आता कबूल करतो.

रविवारी सातला माइकसमोर बसलो. तीस वर्षांत हजारो गाड्यांची नावं घेतली असतील, पण स्वतःचं नाव माइकवर एकदाही घेतलं नव्हतं. शीतलनं बोट दाखवलं आणि मी सुरू केलं. "रेडिओ फलाट. वर्गणीदारांची नावं. पावती क्रमांक एक. सोमेश्वर किसनराव लहाने, जाफराबाद."

पुढं काय बोलावं सुचंना. माइक चालू ठेवून कम्प्युटरकडं बघत राह्यलो. स्टँडवर असं कधी केलं न्हाई.

तेवढ्यात कम्प्युटर वाजला, कुणाचे तरी मोबाईलवरून पैसे आले होते. शीतलनं काचेखालून चिठ्ठी सरकवली. पावती क्रमांक दोन, भागवत, मुक्काम सुरत. वाचली. परत वाजला. रामराव चहावाले. मंग तो कम्प्युटर थांबंचना. शीतल लिहून राह्यली, मी वाचून राह्यलो, पाणी प्यायला सवड न्हाई. कुणी म्हणतं नावापुढं गाव घ्या, आमच्यात रामराव तिघं आहेत. कुणी म्हणतं भावाच्या आधी माझं घ्या, मी थोरला. नुसती नावं ऐकायला रोजच्यापेक्षा जास्त माणसं जमली. नऊला संपणारा कार्यक्रम साडेअकराला संपला. माझा घसा बसला होता आणि मी लहान पोरासारखा हसत होतो.

सोमवारी साडेआठलाच दोनशे पार झाले. मी शीतलकडं बघितलं, आता लाव पुण्याला फोन. तिनं फोन हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

"मामा, ही वर्गणी आहे," ती म्हणाली. "लोकांनी मान ठेवला, नाव ऐकलं, झालं. पुढच्या महिन्यात परत कोण देईल? मी नोकरी सोडू कशाच्या भरवशावर?"

पोरगी बिलकुल खरं बोलत होती.

साडेनऊच्या सुमाराला जिन्यावर चपला वाजल्या. एक म्हातारी दम खात वर आली. टेंभुर्णीहून जीपनं आल्ती. नाव म्हणाली चतुराबाई. पदराच्या गाठीतून पैसे काढून टेबलावर ठेवले. "वर्षाचे एकदम घ्या. दर महिन्याला जीपनं येणं होत न्हाई."

शीतलनं विचारलं, "मावशी, मोबाईल नंबर सांगा."

"फोन न्हाई मला."

"मंग रेडिओ कशावर ऐकता?"

"शेजारीण लावती. मी माझ्या ओट्यावर बसून ऐकते. दोन वर्षं झाली." ती जरा ओशाळली. "फुकट ऐकून राह्यले म्हणून रोज चुकल्यासारखं वाटायचं. कुणी मागितलंच न्हाई, तर द्यायचं कुणाला?"

शीतल फोन घेऊन काचेपलीकडं गेली. मी पेन घेतला आणि रीतीप्रमाणं विचारलं, मालकाचं नाव काय, का पोराच्या नावानं फाडू?

"न्हाई," म्हातारी म्हणाली. "घरातली सगळी वर्गणी त्यांच्याच नावानं जाती. ऐकते मी. माझं नाव घ्या."

मी माइक चालू केला. "वर्गणीदार, चतुराबाई, टेंभुर्णी. वर्षभरासाठी."

ती माइककडं बघत होती. "गेलं का सगळीकडं?"

"गेलं. सुरतेपर्यंत गेलं."

"मंग अजून एकदा घ्या," ती म्हणाली. मी घेतलं, आणि काचेपलीकडं शीतल पुण्याच्या साहेबांना फोनवर सांगत होती की मी येत न्हाई.