चौदाव्या विषयाला पाच हात

अकरावा विषय चालू असतानाच ट्रॅक्टरवाल्यांनी हळूच खुर्ची मागे सरकवली आणि मी लिहायचं थांबले. मी आमच्या भागातल्या गावांच्या मंडळाची इतिवृत्त लिहिणारी. सभेत कोण काय बोललं ते लिहायचं आणि आपण एक अक्षर बोलायचं नाही, अशी माझी नोकरी. एकोणीस वर्षं मी ती इमानेइतबारे केली आहे. माझ्या सासूबाईंना विचाराल तर त्याचा सगळा वचपा मी घरी काढते.

ट्रॅक्टरवाले हे आमचे एक सदस्य. ट्रॅक्टर भाड्याने देतात म्हणून ट्रॅक्टरवाले. त्यांच्या गावच्या ओढ्यावरची मोरी दहाव्या विषयात मंजूर झाली होती, तेव्हा आता त्यांच्या दृष्टीने सभेत काही राम उरला नव्हता. "आलोच," असं दाराकडे बघून म्हणत ते गेले. आमच्या मंडळात 'आलोच' म्हणून गेलेला माणूस पुढच्या महिन्यातच येतो.

सचिव आणि मी पगारी, ते सोडून मी डोकी मोजली. पाच. अध्यक्षबाई, मास्तर, औषधवाले, पोल्ट्रीवाले आणि पाचवे.

पाचवे हे काही आडनाव नाही. आमच्या मंडळाचे सदस्य नऊ, आणि सभा चालायला पाच तरी हजर लागतात. साठी ओलांडलेले हे काका डोंगरावरच्या वस्तीतून निवडून आलेले. म्हणजे त्यांच्या विरोधात कोणी उभंच राहिलं नाही. पण नऊ वर्षांत त्यांनी एकही सभा चुकवली नाही. चार माणसं जमली आणि सगळ्यांचे डोळे दाराकडे लागले की छत्री टेकत हे यायचे. "आले, पाचवे आले," असं करता करता तेच नाव पडलं. कुणाच्या गावची शाळा, कुणाचा रस्ता, कुणाची टाकी, सगळ्यांना यांनी हात वर केला. बोलले मात्र कधीच नाहीत. उभं राहिलं की शब्दच आठवत नाहीत म्हणे.

आज ते बोलणार होते. चौदावा विषय त्यांच्या वस्तीचा होता: आरोग्य उपकेंद्र उभारणे, तिथे एक नर्स नेमणे. दोनदा तो पत्रिकेवर आला आणि दोन्ही वेळा चौदाव्यापर्यंत पोचेस्तोवर लोक पांगले. तहकूब. आमचा नियम असा की विषय तीनदा तहकूब झाला की निकालात निघतो. मग पुन्हा अर्ज, पुन्हा पाहणी, पुन्हा शिफारस. दोन वर्षं गेलीच समजा. आज तिसरी खेप होती.

सकाळी व्हरांड्यात त्यांनी मला खिशातला कागद दाखवला होता. शाळेच्या वहीचं पान, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं.

"पाठ केलंय ताई," ते म्हणाले. "शेळ्यांपुढे म्हणून बघितलं."

"मग? काय म्हणाल्या शेळ्या?"

"दोन उठून गेल्या."

"म्हणजे सभेची सवय झालीच म्हणायची."

ते हसले आणि कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला. कागदात काय असणार ते मला ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी काकूंच्या छातीत कळ आली. वस्तीत ना दवाखाना ना गाडी. घराचं दार बिजागऱ्यांतून उतरवून त्यावर काकूंना झोपवलं आणि चौघांनी खाली मोठ्या रस्त्यापर्यंत आणलं. गाडी मिळाली, पण काकू रस्त्यावर पोचायच्या आधीच गेल्या होत्या. त्यानंतर दोन वर्षांनी काका मंडळावर निवडून आले. एवढ्याच एका गोष्टीसाठी आले, असं माझं स्पष्ट मत आहे.

बारावा विषय झाला. तेराव्याला मास्तरांनी वाचनालयाच्या वेळेवर भाषण ठोकलं. मास्तर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना तासाची घंटा झाल्याशिवाय थांबता येत नाही. मी पोल्ट्रीवाल्यांवर डोळा ठेवून होते. ते तर केव्हाच उडाले असते, पण पंधरावा विषय त्यांच्या वळणावरच्या दिव्याचा होता. देव त्या दिव्याचं भलं करो.

"विषय क्रमांक चौदा," सचिवांनी वाचलं, आणि मी नवं पान उलटलं.

पाचवे उभे राहिले. खरंच उभे राहिले. कागद उलगडला, घसा खाकरला. अध्यक्षबाईंनी चष्मा वर करून बघितलं. एवढ्या वर्षांत खुर्चीबाहेर आलेला हा माणूस त्यांनी प्रथमच पाहिला असावा.

"अध्यक्षबाई, मी," ते म्हणाले, आणि सचिव म्हणाले, "एक मिनिट."

आमचे सचिव वाईट माणूस नाहीत. पण नियमाचं पुस्तक त्यांना उशाशी लागतं. त्यांनी फाइल उलटी केली, सुलटी केली. "हे बक्षीसपत्र कसलं? उपकेंद्राला जागा कोणी दिलीय?"

"मी दिली," पाचवे म्हणाले. "घरामागचा तुकडा. फुकट दिलाय साहेब."

"मग तुम्हाला या विषयावर बोलता येणार नाही. सदस्याच्या मालमत्तेचा संबंध आला की त्याने त्या विषयापुरतं सभागृहाबाहेर जायचं. आणि त्याला हजर धरायचं नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. तो कागद मीच जोडायला सांगितला होता. दुसऱ्यांदा विषय तहकूब झाला तेव्हा फार शहाणपणा करून म्हणाले होते, "काका, जागेचा दाखला जोडा, मग कोणाला नाही म्हणायला तोंडच राहणार नाही." करायला गेले एक आणि झालं भलतंच. एकोणीस वर्षं नियम लिहून काढतेय, आणि नेमका हाच डोक्यातून उतरला.

"ते बाहेर गेले की किती उरतात?" औषधवाल्यांनी विचारलं. त्यांचं औषधांचं दुकान, सवय मोजायची.

"चार," सचिव म्हणाले. "म्हणजे तहकूब. तिसऱ्यांदा."

पाचवे तसेच उभे. "म्हणजे मी बसलो तर बोलायचं नाही, आणि गेलो तर विषयच नाही?" ते हळू म्हणाले. "इतकी वर्षं सगळ्यांसाठी बसलो की हो मी."

सगळे आपापले कागद चाळत बसले. मास्तरसुद्धा. आणि मग एक गोष्ट घडली, जी इतिवृत्तात नाही. मी बोलले.

"अध्यक्षबाई, चहा मागवू का?"

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जणू कपाटच बोललं. अध्यक्षबाई मात्र घर, शेत आणि तीन सुना सांभाळणाऱ्या बाई. त्यांनी माझा चेहरा बघितला, ट्रॅक्टरवाल्यांची रिकामी खुर्ची बघितली, आणि त्यांच्या लक्षात आलं. "मागवा," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटं चहासाठी सभा थांबली. बाई, चहा आणायला तुम्ही स्वतःच जा."

"दहापेक्षा जास्त नाही," सचिव म्हणाले. "अकराव्या मिनिटाला सभा सुरू, आणि मी मोजणार."

मी पळाले. वय त्रेपन्न, गुडघा उजवा दुखरा, आणि मी मंडळाच्या पायऱ्या दोन-दोन करत उतरले. फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं, ट्रॅक्टरवाले कुठे गेले? तो म्हणाला, गाडी इथेच आहे, चालत गेले. म्हणजे लांब नाहीत. मी हॉटेलात डोकावले. नाहीत. चहावाल्याला ओरडून सहा कप सांगितले आणि पंक्चरवाल्याकडे गेले. तिथेही नाहीत. चार मिनिटं गेली. चपलेचा अंगठा तुटला, ती हातात घेतली. लोक बघत होते. बघू देत. एरवी कोण बघतं माझ्याकडे?

शेवटी सापडले ते केशकर्तनालयात. खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून, अर्ध्या गालावर फेस.

"उठा," मी म्हणाले.

त्यांनी एक डोळा उघडला. "काय हो बाई, आग लागली का?"

"चौदाव्या विषयाला माणूस कमी पडतोय. सहा मिनिटं झालीत, चार उरलीत."

"अहो, अर्धी दाढी झालीय."

"दाढी अर्धी चालेल. हात पूर्ण वर करा म्हणजे झालं."

"उद्या सोयरीक बघायला जायचंय मुलीची. आणि माझा विषय झाला की आता."

तेव्हा माझा तोल गेला. "गेल्या साली तुमच्या रस्त्याच्या दिवशी किती जण होते आठवतं? पाच. पाचवं कोण होतं? अंगात ताप होता काकांच्या. डोंगर उतरून आले, हात वर केला आणि व्हरांड्यात आडवे झाले. तो रस्ता तुम्ही रोज तुडवताय. आज त्यांना नियमाने बाहेर बसवलंय, आणि तुम्ही इथे गाल गुळगुळीत करताय."

न्हावी वस्तरा धरून थांबला होता. तोच म्हणाला, "जा हो मालक. खुर्ची राखून ठेवतो."

ट्रॅक्टरवाल्यांनी गळ्यातल्या टॉवेलने एक गाल पुसला. दुसऱ्या गालावर फेस तसाच. आणि मग, खोटं कशाला सांगू, तो माणूस माझ्यापेक्षा जोरात पळाला. पोट धरून, टॉवेल उडवत. मी मागून एक चप्पल पायात आणि एक हातात. फाटकावरचा पहारेकरी उठून उभा राहिला आणि त्याने सलाम ठोकला, कोणाला ते त्यालाही माहीत नसावं. मला इतकं हसू येत होतं की धावता येईना, आणि रडूही येत होतं.

आम्ही दारात पोचलो तेव्हा सचिव घड्याळ बघत उभे होते. "साडेनऊ मिनिटं," ते म्हणाले. देवाशपथ, त्यांचाही जीव भांड्यात पडलेला मी पाहिला.

सभा सुरू झाली. पाचवे उठले. बोलायचा कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला, छत्री घेतली आणि माझ्या टेबलाजवळून जाताना थांबले. "ताई, एवढं तरी सांगाल का कोणी, की जागा फुकट दिलीय म्हणून?"

"कागदात आहे काका."

"आणि तिचं?"

तिचं कागदात काही नव्हतं. मी मान खाली घातली. ते बाहेर जाऊन बाकावर बसले आणि शिपायाने दार लावून घेतलं.

"विषय क्रमांक चौदा. सूचक?" मास्तर म्हणाले, "मी." "अनुमोदक?" औषधवाले म्हणाले, "मी." "बाजूने?" पाच हात वर झाले. सगळ्यात उंच हात ट्रॅक्टरवाल्यांचा, टॉवेलसकट. "विरोधात? कोणी नाही. एकमताने मंजूर." अध्यक्षबाईंनी सही केली. ट्रॅक्टरवाले सही होईपर्यंत बसले, मग गालाला हात लावत म्हणाले, "आता वाळला फेस," आणि निघाले.

मी त्यांच्या मागोमाग बाहेर आले. एवढा आनंद मला माझ्या स्वतःच्या नोकरीच्या पत्राचाही झाला नव्हता. काका बाकाच्या कडेला बसले होते, परीक्षेच्या निकालाला आलेल्या पोरासारखे. ट्रॅक्टरवाल्यांनी जाता जाता त्यांच्या खांद्यावर थोपटलं, पण त्यावरून त्यांना काही उमगलं नसावं. ते माझ्याकडे बघत होते.

"झालं काका. मंजूर. एकमताने."

त्यांनी छत्री बाकाला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "कोणी काही बोललं?"

"नाही. कोणी काहीच नाही बोललं. गरजच पडली नाही."

"किती वेळ लागला?"

मला आधी कळलंच नाही ते का विचारतायत. "दोन मिनिटं लागली असतील," मी म्हणाले.

"दोन मिनिटं," ते म्हणाले. "आम्हाला तिला घेऊन खाली रस्त्यावर यायला साडेतीन तास लागले होते. अर्ध्या वाटेपर्यंत ती बोलत होती माझ्याशी. म्हणत होती, दार नीट बसवा हो परत, शेळ्या आत शिरतील."

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले. नोकरीत असताना सदस्याच्या शेजारी बसायची पद्धत नाही, पण बसले. मला फक्त दुसऱ्यांचं बोललेलं लिहिता येतं. आतून सचिवांचा आवाज आला, "चारच आहेत. पंधरावा घेता येणार नाही," आणि पोल्ट्रीवाले कळवळून म्हणाले, "अहो, माझा दिवा राहिला की."

काकांनी रुमालाने तोंड पुसलं, नीट, दोनदा. "चला," ते म्हणाले. "लोक खोळंबलेत."

ते आत गेले, आपल्या खुर्चीत बसले. मी टेबलाशी येऊन पेन उचललं आणि लिहिलं, की सदस्य सभागृहात परत आले. अध्यक्षबाईंनी विचारलं, "वळणावरच्या दिव्याच्या बाजूने?" पहिला हात काकांचा वर गेला.