भरताची पंगत

आमच्याकडे भरताच्या पंगतीला कोणी नुसतं जेवायला बसत नाही. मतदानाच्या आधी पक्षाचे नाना येतात, आमच्या मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात, आणि केळीच्या पानावर जो बसला तो पक्षाचा. नानांशेजारी एक पान माझंही असतं. मी बसले की गावातल्या बायांची मतं आली, असं नाना धरतात.

यंदा गावातली पोरं पंगतीला येणार नाहीत हे मला सकाळीच ठाऊक होतं. सांगणार कोणाला? आमचे हे, रुपचंद, पक्षाचे बूथप्रमुख. सकाळपासून जीव मुठीत धरून पानं मांडत होते. मी म्हटलं, "इतकी पानं मांडता, बसणार कोण, वांगी?" बोलले खरं, पण खरं काय ते ह्यांना सांगितलं नाही.

कारण पोरांना येऊ नका म्हणून सांगणारी आमचीच पोरगी दिपमाला. यावलला कॉलेजात जाते. तिथे पाड्यावरच्या पावरा, तडवी आदिवासी पोरापोरींशी तिची गट्टी. "पाड्यावर दवाखान्याची गाडी चढत नही, शिकून पोरं रिकामी बसली, अन् हे भरीत खाऊ घालतात," असं तिचं. खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त राग यायचा.

मागच्या वेळी शेजारच्या गावात पक्षाला मतं कमी पडली. उन्हाळ्यात त्यांची विजेची डीपी जळाली, पंप बंद पडले, तरी पावसाळ्यापर्यंत ती कोणी बदलली नाही. केळी उभीच्या उभी वाळली. नानांनी केलं असं मी म्हणत नाही. कोणीच म्हणत नाही, त्याचीच तर भीती वाटते.

नाना आले, बसले. पंगतीत सगळी पिकली डोकी. बाकीची पानं वाऱ्याने उलटत होती. ह्यांनी एकेका पानावर दगड ठेवला, माणूस बसवावा तसा. नाना हसले.

"झुंबरअक्का, दिपमाला दिसत नही? सहाच्या बसनं येते ना ती रोज? एकटीच?"

बसची वेळ नानांना कोणी सांगितली? मी कसंबसं म्हटलं, "तिले ताप आहे, नाना."

तेवढ्यात बांधावरून ती आलीच, ताप नसलेली. मागे पाड्यावरचा बादल, रोशनी, गावातली दहा-बारा पोरं. मेलीला आजच यायचं होतं. तिने सरळ भरताचं पातेलं उचललं, बादलने पुऱ्यांची टोपली घेतली, आणि वाढायला लागले. आबा, घ्या. काका, घ्या. बसलं कोणी नाही.

"बसा ना रे," नाना म्हणाले.

"आम्ही जेवून आलो, नाना," दिपमाला म्हणाली.

नानांनी माझ्या रिकाम्या पानावर हात ठेवला. "अक्का, तुम्ही तरी बसा."

हे डोळ्यांनी मला बस, बस म्हणत होते. माझे पायही त्या पानाकडेच निघाले होते. इतकी वर्षं तिथेच तर बसले. पण पोरीच्या हातातलं पातेलं मी ओढून घेतलं.

"तुम्ही जेवा, नाना. मी वाढते."

नानांचा घास हातातच राहिला. मी वाढलेलं भरीत त्यांच्या पानाबाहेर सांडलं. मी पुढच्या पानाशी गेले.

उद्यापासून सहाच्या बसला मी स्टँडवर जाऊन उभी राहणार आहे.