हळदीचं बोट

"सील तुम्हीच तोडा, काका," प्रयोगशाळेतली तरुण शास्त्रज्ञ उल्का म्हणाली. "आजच रिटायरमेंट, आजच न्याय. बिल्कुल परफेक्ट."

श्रीरंग कुलथे बाटलीकडे पाहत राहिले.

फरीदाबादच्या त्या प्रयोगशाळेत ते बत्तीस वर्षं मदतनीस होते. एकोणीस वर्षांपूर्वी लडाखच्या एका झऱ्यावर त्यांनी दोन बाटल्या काठोकाठ भरल्या होत्या. जमिनीखाली खडकाशी झुंजून ते पाणी कॉस्टिक सोड्यासारखं जहाल झालेलं. पहिल्या बाटलीत जिवाणू निघाले, तेव्हा साहेबांनी अहवालात लिहिलं, 'अशा पाण्यात काही जगत नाही. अटेंडंटचे हात अस्वच्छ असावेत.' पुढे परदेशातल्या तसल्याच झऱ्यांत जिवाणू सापडले. ऊन कधी न पाहिलेले, खडकातून सुटणाऱ्या हायड्रोजनवर जगणारे. अहवाल मात्र तसाच राहिला. कुलथे तेव्हापासून दोनदा हात धूत.

दुसरी बाटली पुरावा म्हणून न उघडता, लाख लावून कपाटात होती. दर खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, की ते तिच्या बुचालाही हळदीचं बोट लावत.

गेल्या आठवड्यात लावलेलं ते बोट एका बाजूने लाल झालं होतं.

"उघडू नका, मॅडम."

"का?"

"हळद बघा. साबण लागल्यावर होते तशी झालीय. पाणी बाहेर झिरपलंय, म्हणजे हवा आत गेलीय."

उल्काने वाकून पाहिलं. मग दाराकडे पाहिलं.

"बारीकशी चीर असेल, काका. कोण बघतंय? जिवाणू निघतील, मी लिहीन. तुमचं नाव साफ."

"निघतील हो. पण ते झऱ्यातले की इथल्या हवेतले, हे कोण सांगणार?"

"अच्छा, मग तो अहवाल असाच राहू दे?"

कुलथ्यांनी बराच वेळ बुचावर अंगठा फिरवला.

"राहू दे."

उल्काने पेनाला टोपण लावलं. कुलथ्यांनी बाटली मोरीत रिकामी केली. पाणी नितळ होतं, आवाज न करता गेलं.

खालच्या हॉलमधून कुणीतरी हसत हाक मारली, "कुलथेजी, समोसे ठंडे हो रहे हैं। हाथ धोकर आइए।"

"आया," ते म्हणाले.

त्यांनी साबण लावला. अंगठ्यावर उरलेली पिवळी हळदही लाल झाली. त्यांनी हात धुतले, पुसले, आणि परत नळ सोडला.