चौथ्या माणसाचं वजन

"काका, ही गाडी वरच्या तळ्यापर्यंत चढेल, की आम्ही मैत्रिणींनी मागून ढकलायची?"

हा प्रश्न गॅरेजात खणखणीत आवाजात विचारून दाखव, असं मैत्रिणींनी भिंगरीला डिवचलं होतं. तिने तो विचारला, आणि वर बॉनेटवर थापही मारली. गेल्या वर्षापर्यंत दुकानात पेन मागायचं तरी तिला आई सोबत लागायची. वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस काय मिळालं, तेव्हापासून तोंडाचा पट्टा थांबायचं नाव घेत नव्हता.

मिस्त्री गाडीखाली होता. तिथूनच त्याचं उत्तर आलं,

"ढकलणारे असले की काहीही चढतं, ताईसाहेब!"

बाबा हसले नाहीत. भिंतीला टेकवलेल्या टायरांपुढे उकिडवे बसून ते खाचांमध्ये अंगठा घालून बघत होते. जीप भिंगरीपेक्षा वयाने मोठी. चारही चाकांना जोर दिला की चिखलातून अजूनही डौलात निघायची. पण तळ्याच्या वाटेवर मधल्या दगडांना तिचं पोट घासायचं, आणि दर खेपेला सगळे अर्ध्यातून माघारी फिरायचे.

"हे बसवा," बाबा सगळ्यात दांडग्या टायरवर हात ठेवून म्हणाले.

"भाऊ, दिसायला झकास. पण वळताना मडगार्डला घासणार, आणि चढावर इंजिनाचा जीव काढणार." मिस्त्री हात पुसत बाहेर आला. "हे मधले घ्या. उरलेली उंची पाट्यांनी काढू." त्याने चाकाजवळची एकावर एक रचलेली पोलादी पट्ट्यांची कमान दाखवली. "किती पाटे घालायचे ते माणसांवर ठरतं. बसणारी माणसं किती?"

"तीन," भिंगरी म्हणाली.

"चार," बाबा म्हणाले. दोघांचे शब्द एकमेकांवर आदळले.

आई पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

ताई समुद्रापलीकडे नोकरीला गेली होती. 'पुढच्या सुट्टीत नक्की' हे वाक्य भिंगरीला आता ताईच्या आवाजासकट पाठ झालं होतं. मागे एकदा फोनवर ती हसत म्हणाली होती, "तुमची गाडी तळ्यापर्यंत पोचू दे बाबा, मग येतेच!" बोलून विसरलीही असेल. बाबा दुसऱ्या दिवसापासून टायरांची चौकशी करत होते.

रिकाम्या गाडीचं माप खोटं, असं मिस्त्रीचं म्हणणं. आधी सगळ्यांना रोजच्यासारखं बसवायचं, मग चाकापासून मडगार्डपर्यंत टेप लावायची. बाबा स्टिअरिंगवर बसले, आई शेजारी, भिंगरी मागे.

"एक मिनिट," म्हणत बाबा उतरले. कोपऱ्यातली वाळूची पिशवी उचलून त्यांनी मागच्या सीटवर आणून ठेवली. मग दुसरी. मग तिसरी.

"अहो, पुरे. एवढी कुठे आहे ती? काडी आहे नुसती."

"परवाच्या फोटोत गाल आलेत."

"फोटोत सगळ्यांचेच येतात. काढा ती वरची."

बाबांनी वरची पिशवी उचलली, क्षणभर हातात तोलली आणि पुन्हा तिथेच ठेवली.

"बॅग असेल ना बरोबर," ते म्हणाले.

आईने मागे वळून सीटवर सांडलेली वाळू हाताने झटकली, ताई बसायच्या आधी झटकावी तशी.

वरची पिशवी कलंडून भिंगरीच्या खांद्याला टेकली. 'ताई, सरक ना गं!' हा विनोद अगदी ओठांवर आला होता. तो तिथेच राहिला. तिने पिशवी सरळ केली. ती पुन्हा कलंडली, तेव्हा भिंगरीने तिला तसंच टेकू दिलं.

मिस्त्रीने माप घेतलं आणि बाबांच्या खिडकीशी आला.

"चौघं धरली तर मागे एक पाटा जास्त लागेल. पण भाऊ, खरं सांगतो, तिघंच बसलात तर गाडी कडक लागणार. प्रत्येक खड्डा मणक्यात कळेल. वहिनींची कंबर आधीच धरते ना?"

"मला चालेल," आई पटकन म्हणाली.

"चालेल," बाबाही म्हणाले. "ती यायची, आणि गाडी अडायची. तसं नको."

भिंगरीला पुढच्या आरशात बाबांचे डोळे दिसले. ते पिशव्यांकडे लागले होते. आईचा हात कमरेवर होता. गाडी जॅकजवळ जागच्या जागी उभी होती, आणि दोघं अशी ताठ बसली होती, जणू खड्डे आत्ताच सुरू झालेत.

ती खाली उतरली. एकेक पिशवी पोटाशी धरून कोपऱ्यात ठेवून आली. दर पिशवीगणिक गाडीची मागची बाजू किंचित वर आली. मिस्त्रीने टेप गुंडाळायचं थांबवलं. बाबांनी "अगं" म्हणायला तोंड उघडलं. पण ती त्यांच्या खिडकीशी येऊन उभी राहिली होती, तळहातांना वाळू लागलेली.

"माप तिघांचं घ्यायचं. मी ठरवलंय," ती म्हणाली. "पाटे बसले की पहिल्याच रविवारी आपण तिघं तळ्यावर जायचं. ताई येईल तेव्हा गाडी मागे थोडी दबेल. दबू दे. दगड आले की मी उतरून चालेन."